सागाची अळी, रायमुनिया आणि कोसा : जंगलात सूक्ष्मजीवजन्य औषध फवारण्यापूर्वी

गडचिरोली जिल्ह्यातील एका ग्रामसभेच्या वनव्यवस्थापन समितीचे काम पाहणाऱ्या ताईंनी तीन गोष्टी विचारल्या आहेत. सामूहिक वनहक्काच्या क्षेत्रात तीन वर्षांपूर्वी लावलेल्या सागाची पाने रोवणीच्या दिवसांत अळ्या फस्त करतात आणि पोळा उलटला की राहिलेल्या पानांची जाळी होते, ही पहिली. मोहाच्या झाडांखाली आणि नाल्याच्या काठाने रायमुनिया (घाणेरी, लँटाना) व रानमोडी ही तणे इतकी माजली आहेत की मोहफूल वेचायला मोकळी जागा उरलेली नाही, ही दुसरी. तिसरी अशी की तालुक्याच्या गावाहून आलेल्या एका विक्रेत्याने ‘सूक्ष्मजीवांचे जैविक औषध’ दाखवले असून त्याने अळीही मरते, तणही जळते आणि ते निसर्गातलेच असल्यामुळे दुसऱ्या कुणालाही अपाय होत नाही, असे तो सांगतो. तर समितीने ते घ्यावे काय?

पत्राच्या शेवटी ताईंनी सहज म्हणून लिहिले आहे की गावातील काही ढिवर कुटुंबे त्याच जंगलातील ऐनाच्या झाडांवर कोसा, म्हणजे टसर रेशमाच्या किड्यांचे पीक, घेतात. माझे उत्तर त्या वाक्यापासून सुरू होते.

आधी विक्रेत्याच्या औषधाविषयी. सूक्ष्मजीवजन्य कीटकनाशकाचे सगळे बळ ते निवडक असण्यात आहे. जो जिवाणू अळीच्या आतड्यात काम करतो, त्याला वनस्पतीच्या पानात काही करता येत नाही; जी बुरशी एखाद्या तणावर रोग आणते, ती अळीकडे ढुंकूनही पाहत नाही. त्यामुळे एकाच बाटलीने अळी मरत असेल आणि तणही जळत असेल, तर त्या बाटलीत रसायन आहे असेच समजावे. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले, तेव्हापासून आपल्याकडे ‘जैविक’ या शब्दाविषयी लोकांच्या मनात आस्था निर्माण झाली आहे. ती रास्त आहे, आणि म्हणूनच त्या शब्दाखाली काहीही खपवले जाणे मला फार गंभीर वाटते. कीटकनाशक कायदा, 1968 जैविक कीटकनाशकांनाही लागू आहे. वेष्टनावर केंद्रीय कीटकनाशक मंडळ व नोंदणी समितीचा नोंदणी क्रमांक, सूक्ष्मजीवाचे पूर्ण नाव, एका ग्रॅममध्ये किंवा मिलिलिटरमध्ये तो किती प्रमाणात आहे तो आकडा, उत्पादनाची आणि मुदत संपण्याची तारीख, आणि ज्या पिकावरील ज्या किडीसाठी नोंदणी झाली आहे त्यांची नावे, एवढे सगळे छापलेले नसेल तर ती बाटली परत करावी.

आता कोशाकडे येतो. आज ज्या दोन सूक्ष्मजीवांची नावे कृषी केंद्रात सर्वांत जास्त ऐकू येतात, ते दोन्ही माणसाला प्रथम रेशमाच्या किड्यांचे मारेकरी म्हणून कळले. इटलीत अगोस्तिनो बस्सी यांनी 1835 मध्ये दाखवून दिले की रेशीमकिड्यांच्या अंगावर पांढरी भुकटी धरून त्यांना मारणारा रोग एका बुरशीमुळे होतो. त्याच बुरशीला पुढे त्यांच्या नावावरून ब्यूव्हेरिया बॅसियाना म्हणू लागले. जपानमध्ये शिगेताने इशिवाता यांनी 1901 मध्ये रेशीमकिड्यांना पटापट मारणाऱ्या एका रोगाच्या मुळाशी असलेला जिवाणू वेगळा केला. तोच जिवाणू दहा वर्षांनी जर्मनीच्या थुरिंजिया भागात पिठात होणाऱ्या पतंगाच्या अळीत सापडला आणि त्या भागावरून त्याचे नाव बॅसिलस थुरिंजिएन्सिस, म्हणजे बीटी, असे पडले. आपण त्याला औषध म्हणतो, किड्याच्या लेखी तो रोग आहे. आणि सागाची अळी व कोशाची अळी या दोघीही पतंगाच्याच अळ्या आहेत.

हे मी पुस्तकातून शिकलो नाही. पंचवीस-सव्वीस वर्षांपूर्वी भंडारा जिल्ह्यात एका तरुण साग लागवडीत मी बीटीची फवारणी करवून घेतली होती. जुलैचा शेवटचा आठवडा होता, दोन दिवस पावसाने उघडीप दिली होती, अळी लहान होती, सगळे गणित बरोबर जमले होते. लागवडीच्या कडेला तलावाच्या पाळीवर ऐनाची दहा-बारा झाडे होती. त्या झाडांवर एका कुटुंबाने नुकत्याच चॉकी, म्हणजे कोशाच्या लहान अळ्या, सोडल्या होत्या, हे मला कुणी सांगितले नाही आणि मीही विचारले नाही. चौथ्या दिवशी त्या घरातील म्हातारे बाबा मला बोलवायला आले. ऐनाच्या पानांच्या देठाशी बोटाच्या पेराएवढ्या हिरव्या अळ्या मागच्या पायांनी फांदीला धरून सैल लोंबत होत्या. हात लावला तर अंगात ताठपणा नाही, तोंडाशी तपकिरी पाणी, खाली जमिनीवर लेंड्या पडणे थांबलेले. बाबांनी एक अळी तळहातावर घेतली आणि तिच्या मागे-पुढे बोट फिरवून ती पकड धरते का ते बराच वेळ पाहिले. त्यांच्या अंडीपुंजांची किंमत मी भरून दिली, पण त्या हंगामाचा कोसा गेला तो गेलाच. तेव्हापासून कोणत्याही जंगलात पंप भरण्यापूर्वी माझा पहिला प्रश्न औषधाचा नसतो. इथे कोसा कोण घेतो, कोणत्या झाडांवर घेतो आणि चॉकी कधी सोडतो, हे मी आधी विचारतो.

बीटी म्हटले की विदर्भात कपाशीच डोळ्यांपुढे येते, म्हणून एक खुलासा करून ठेवतो. 2002 मध्ये मान्यता मिळालेल्या बीटी कपाशीत याच जिवाणूतील एक जनुक कपाशीच्या झाडात घातलेले असते. फवारणीच्या बीटीत मात्र खुद्द जिवाणूचे बीजाणू आणि त्यांच्यासोबत तयार होणारे प्रथिनांचे स्फटिक असतात. पानासोबत हे स्फटिक अळीच्या पोटात गेले पाहिजेत. पतंगाच्या अळीचे आतडे अल्कधर्मी असते. त्यात स्फटिक विरघळतात, विषारी प्रथिन मोकळे होते आणि आतड्याच्या पेशींना भोके पाडते. अळी काही तासांतच खाणे सोडते आणि दोन-तीन दिवसांत मरते. माणसाच्या, गुराच्या किंवा पक्ष्याच्या पोटात तशी परिस्थिती नसल्यामुळे त्यांना ते सुरक्षित मानले जाते. तरीही भुकटी डोळ्यांत किंवा नाकात जाऊ नये यासाठी चष्मा आणि तोंडाला फडके हवेच. बीटीचे प्रकारही वेगवेगळे आहेत. कुर्स्ताकी हा प्रकार पतंग व फुलपाखरांच्या अळ्यांवर, इस्राएलेन्सिस डासांच्या अळ्यांवर आणि टेनेब्रिओनिस काही भुंग्यांवर चालतो. सागाच्या अळीसाठी कुर्स्ताकी लागतो आणि कोशाला धोका त्याचाच आहे.

बुरशीची रीत निराळी आहे. ब्यूव्हेरिया किंवा मेटारायझियमचा बीजाणू किड्याच्या पोटात जावा लागत नाही. तो कातडीला चिकटतो, ओल मिळाली की अंकुरतो, कातडी भेदून आत शिरतो आणि किड्याच्या शरीरात वाढतो. त्यामुळे रस शोषणाऱ्या किडींवर, ज्या पान कुरतडतच नाहीत आणि ज्यांच्यापुढे बीटी म्हणूनच निरुपयोगी ठरते, त्यांच्यावरही बुरशी चालू शकते. पण तिला दमट हवा लागते, आणि ती बीटीइतकी निवडकही नाही. विषाणू सर्वांत निवडक असतात. तुरीवर आणि हरभऱ्यावर घाटे अळीसाठी एचएएनपीव्ही वापरलेला शेतकरी आपल्या गावात असेलच. त्या विषाणूने मेलेली अळी पानाच्या टोकाला उलटी लटकते, काळी पडते, आणि बोट लागताच तिच्या कातडीची पिशवी फुटून पातळ पाणी ओघळते. सागाची पाने खाणाऱ्या अळीलाही असा तिचा स्वतःचा विषाणू आहे. केरळ वनसंशोधन संस्थेने त्यावर बरेच काम केले असून निलंबूरच्या सागवनात त्याचे प्रयोग झाले आहेत. कोसा असलेल्या जंगलासाठी मला हाच मार्ग सर्वांत योग्य वाटतो, कारण असे विषाणू आपला यजमान किडा सोडून सहसा दुसरीकडे जात नाहीत. मात्र तो कृषी केंद्रात मिळण्यासारखा माल नाही. वनविभागामार्फत जबलपूरच्या उष्णकटिबंधीय वनसंशोधन संस्थेकडे, जिच्या कार्यक्षेत्रात महाराष्ट्र येतो, समितीने लेखी मागणी करावी, असे मी सुचवीन. मेलेल्या अळ्या गोळा करून, कुटून, गाळून फवारण्याची पद्धत काही शेतकरी हरभऱ्यावर करतात. जंगलात ती करू नये. त्या पाण्यात विषाणूखेरीज इतर कितीतरी जंतू असतात, आणि ते ऐनाच्या झाडाखालून नेणे योग्य नाही.

आता सागावर नेमके काय आहे ते पाहू. ताईंनी एका अळीचे वर्णन केले असले तरी माझ्या मते त्या दोन आहेत, आणि दोन्ही इथल्याच आहेत. त्यांना परकी म्हणता येणार नाही. रोवणीच्या दिवसांत कोवळी पाने खाऊन फक्त जाड शिरा मागे ठेवणारी ती हायब्लिया प्युएरा. ही अळी पानाची कड कापून दुमडते आणि त्या घडीत बसून खाते. पूर्ण वाढीला तिला साधारण दहा-बारा दिवस पुरतात आणि नंतर ती धाग्यावरून खाली उतरून पालापाचोळ्यात कोष करते. पोळ्यानंतर पानांची जाळी करणारी दुसरी, युटेक्टोना मॅकेरालिस. ती जुन्या पानातील हिरवा भाग तेवढा खरवडून खाते, शिरांचे जाळे शाबूत राहते आणि झाड लांबून करपल्यासारखे दिसते. दिसायला दुसरीचे नुकसान जास्त भयंकर वाटते, प्रत्यक्षात ते कमी असते, कारण सप्टेंबर-ऑक्टोबरपर्यंत त्या पानांनी वर्षाचे बरेचसे काम उरकलेले असते आणि पुढे ती गळणारच असतात. या जाळीसाठी जंगलात कोणतीही फवारणी करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

पहिल्या अळीचे तसे नाही. निलंबूरच्या तरुण लागवडीत केरळ वनसंशोधन संस्थेने केलेल्या आणि 1985 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, या अळीमुळे लाकडाच्या संभाव्य वाढीपैकी सुमारे 44 टक्के वाढ बुडते असे आढळले. केरळचा पाऊस आणि आपला पाऊस वेगळा आहे, म्हणून तो आकडा जसाच्या तसा गडचिरोलीला लावू नये. पण कोवळ्या रोपाचा शेंडा अळीने खाल्ला तर खोड फुटून दुबेळके होते आणि पुढे त्या झाडाची सरळ बल्ली मिळत नाही, हे कोणत्याही लागवडीत दिसते. तेव्हा संरक्षण द्यायचेच असेल तर ते लागवडीच्या पहिल्या तीन-चार वर्षांत, पाठीवरच्या पंपाची फवार शेंड्यापर्यंत पोहोचते तोवर, आणि फक्त या अळीसाठी द्यावे. पंधरा मीटर उंचीच्या सागावर पंप मारण्याचा खटाटोप करू नये. मोठा साग पुन्हा पालवतो.

यात वेळ साधणे सर्वांत अवघड आहे. लोकांच्या लक्षात अळी येते ती लेंड्यांचा पाऊस पडल्यासारखा आवाज येऊ लागतो तेव्हा, आणि तोवर अळी मोठी होऊन चार दिवसांत खाली उतरण्याच्या बेतात असते. त्या वेळी बीटी फवारणे म्हणजे पैसे पाण्यात घालणे आहे. पहिला चांगला पाऊस होऊन सागाला कोवळी पालवी फुटली की समितीतील दोघांनी दर तिसऱ्या दिवशी लागवडीत जाऊन, निरनिराळ्या ठिकाणची वीस-पंचवीस रोपे निवडून, शेंड्याची दोन पाने उलटून पाहावीत. पानाच्या कडेला नखाएवढ्या घड्या आणि त्यांत धाग्यासारखी बारीक अळी दिसू लागली, तर फवारणीचा काळ तोच. फवारणी ऊन कलल्यावर करावी, कारण उन्हातील अतिनील किरणांनी बीटी दोन-चार दिवसांत निकामी होते. रात्री पावसाची चिन्हे असतील तर थांबावे; चिकटद्रव्य घातले तरी आपल्याकडची आषाढातील झड ते टिकू देत नाही. ज्या पंपातून तणनाशक किंवा दुसरे विष मारले आहे तो पंप आणू नये. बुरशीनाशक किंवा ताम्रयुक्त औषध सोबत मिसळू नये. मात्रा वेष्टनावर असेल तीच घ्यावी. आणि वेष्टनावर सागाचे नाव नसेल तर वनविभागाच्या लेखी संमतीशिवाय जंगलात ते वापरू नये.

आपल्या गावात मात्र या सगळ्याआधी कोशाचा प्रश्न आहे. पावसाच्या तोंडाशी चॉकी सोडण्याचे आणि सागाची अळी लहान असण्याचे दिवस एकमेकांवर येतात. मी स्वतः कोसा असलेल्या झाडांपासून अर्ध्या किलोमीटरच्या आत बीटी वापरू देत नाही, आणि वारा त्या बाजूला वाहत असेल तर त्याहूनही जास्त अंतर ठेवतो. ब्यूव्हेरिया तर कोशाच्या जंगलात मी मुळीच वापरत नाही. पावसाळी दमट हवेत ती मेलेल्या किड्यावर पुन्हा बीजाणू धरते आणि तिथून कुठे जाईल यावर आपला ताबा राहत नाही. सागाची लागवड आणि ऐनाची झाडे लगत असतील तर फवारणीचा विचार सोडून द्यावा. रोपे कमी असतील तर शेंड्याच्या घड्या हाताने चिमटून काढणे दोन वर्षांत सहज जमते. मी ते बायकांच्या गटांकडून होताना पाहिले आहे आणि शेंडे वाचलेलेही पाहिले आहेत. एका हंगामात सागाची बोटभर वाढ बुडाली तर ती पुढच्या वर्षी थोडीफार भरून निघते. कोशाचे पीक बुडाले तर त्या घरात त्या वर्षाचा पैसा येत नाही.

रोपवाटिकेची बाब वेगळी आहे आणि तिथे मी सूक्ष्मजीवांची शिफारस मोकळेपणाने करतो. गादीवाफ्यावर रोपमर होऊ नये म्हणून ट्रायकोडर्मा ही उपयोगी बुरशी शेणखतात मुरवून द्यावी. हुमणीसाठी मेटारायझियम चांगल्या कुजलेल्या, ओलसर शेणखतात मिसळून सावलीत आठ-दहा दिवस ठेवावे आणि पहिल्या पावसानंतर वाफ्यात कालवावे. ते जिवंत होते की नाही हे पाहण्याची एक साधी रीत आहे. वाफ्यात मेलेली हुमणी सापडली तर ती काचेच्या बरणीत ओल्या टिपकागदावर ठेवावी. मेटारायझियमने मेलेली असेल तर ती कडक होते, आधी तिच्या अंगावर पांढरी लव येते आणि आठवडाभरात शेवाळासारख्या गडद हिरव्या रंगाची भुकटी धरते. ब्यूव्हेरिया असेल तर ती खडूसारखी पांढरीच राहते. नुसती मऊ पडून काळी झाली आणि दुर्गंधी सुटली तर ती दुसऱ्याच कशाने मेली आहे. ही बरणी गावातील शाळेत ठेवली तर मुले ती रोज पाहतात, आणि पुढच्या वर्षी खरेदीच्या वेळी समितीला तीच मुले उपयोगी पडतात.

खरेदी करताना आणखी एक पाहावे. बुरशीचे पाकीट म्हणजे जिवंत माल आहे. चंद्रपूर-गडचिरोलीकडे मे महिन्यात पारा 45 अंशांच्या वर जातो, आणि त्या दिवसांत टिनाच्या पत्र्याखाली ठेवलेल्या पाकिटात तारीख शिल्लक असली तरी जीव शिल्लक राहत नाही. म्हणून उन्हाळ्यात साठा करू नये. गरजेच्या आठ-दहा दिवस आधी कृषी विद्यापीठाच्या किंवा शासनाच्या प्रयोगशाळेतून ताजा माल आणावा. अकोल्याचे डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ आणि नागपूरचे केंद्रीय एकात्मिक कीड व्यवस्थापन केंद्र ही दोन ठिकाणे विचारपूस करायला योग्य आहेत.

खऱ्या अर्थाने परक्या असलेल्या वनकिडींवर सूक्ष्मजीवांनी जगात काय केले, याचे सर्वांत जास्त अभ्यासलेले उदाहरण अमेरिकेतील स्पंजी पतंगाचे आहे. 1860 च्या दशकाच्या अखेरीस मॅसॅच्युसेट्स राज्यातील मेडफर्ड गावी युरोपातून आणलेले हे पतंग निसटले आणि पुढे त्यांच्या अळ्यांनी तिथली ओकची जंगले वारंवार ओकीबोकी केली. तिथे बीटी विमानातून फवारतात. पण मला त्या कहाणीतील दुसरा भाग जास्त शिकवणारा वाटतो. 1989 मध्ये तिथल्या जंगलात एन्टोमोफागा मायमायगा नावाची जपानी मूळ असलेली बुरशी अळ्यांना मोठ्या प्रमाणावर मारताना आढळली आणि तेव्हापासून ती आपली आपण पसरत गेली. पाऊस असलेल्या वसंतात ती भरपूर काम करते, कोरड्या वर्षी कमी करते. माणसाने वेळापत्रक आखून तिला कामाला लावलेले नाही. आपल्याकडे 1988 मध्ये आलेल्या सुबाभळीवरील सिला किडीचेही असेच, तिला बीटीचा उपयोग नाही कारण ती रस शोषते. तिच्यावर ढालकिडे आणि पावसाळी बुरशी यांनीच बराचसा आळा घातला. तेव्हा सुबाभळीवर ती दिसली तरी समितीने पंप उचलू नये.

आता रायमुनिया. ही मात्र निःसंशय परकी आहे. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला शोभेचे झुडूप म्हणून ती कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानात आली आणि पक्ष्यांनी तिची काळी फळे खाऊन तिला देशभर पेरले. तिच्यावर फवारता येईल असे नोंदणीकृत सूक्ष्मजीवजन्य तणनाशक आपल्या देशात उपलब्ध नाही, रानमोडीवरही नाही. तसे कुणी विकत असेल तर घेऊ नये.

असे का, हे सांगणे मला आवश्यक वाटते, नाहीतर शास्त्रज्ञांनी या बाजूला लक्षच दिले नाही असा समज होईल. तणावर रोग आणणारी बुरशी परदेशातून आणून सोडायची तर ती एकदा सोडल्यावर परत गोळा करता येत नाही. म्हणून ती इथल्या एकाही उपयोगी वनस्पतीला लागत नाही याची वर्षानुवर्षे बंदिस्त जागेत परीक्षा करावी लागते. आसाम आणि केरळमध्ये चहाचे मळे व वने झाकून टाकणाऱ्या मिकानिया या वेलीसाठी भारताने हे केले. पुक्सिनिया स्पेगाझिनी ही तांबेरा रोगाची बुरशी त्रिनिदादहून आणून, नवी दिल्लीत विलगीकरणात तपासून, 2005 मध्ये आसामात आणि 2006 मध्ये केरळात सोडली गेली. वेलीवर ती आली, पण इथे ती टिकून राहिली नाही. तीच बुरशी पापुआ न्यू गिनी, फिजी आणि तैवानमध्ये मात्र रुजली. इतकी काळजी घेऊनही जमीन, हवा आणि तणाचा नेमका वाण जुळला नाही तर रोग टिकत नाही. ऑस्ट्रेलियाने रायमुनियासाठीही एक तांबेरा सोडला आहे, पण तो रायमुनियाच्या सर्व वाणांवर सारखा येत नाही. शेकडो वर्षे बागांसाठी संकर केलेल्या या झुडपाचे इतके वाण झाले आहेत की एकाच जंगलात गुलाबी-पिवळ्या आणि शेंदरी फुलांच्या झुडपांवर रोगाचा परिणाम निराळा होऊ शकतो.

सागाच्या मुलखात राहणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. सूक्ष्मजीव नाही, पण किडा आणून रायमुनिया संपवण्याचा प्रयत्न आपल्याकडे 1941 मध्ये झाला होता. ऑस्ट्रेलियाहून आणलेला टेलिओनेमिया हा जाळीदार पंखांचा ढेकूण देहरादूनला तपासणीसाठी ठेवला असता सागाच्या फुलांवरही खाताना दिसला. त्याची पैदास नष्ट करण्याचे ठरले, तरी तो निसटला आणि देशभर पसरला. सुदैवाने जंगलात सागाचे त्याने म्हणण्यासारखे नुकसान केले नाही, आणि रायमुनियाही संपवली नाही. परका जीव सोडण्याच्या बाबतीत आपल्या सुदैवावर भिस्त ठेवून चालणार नाही, म्हणून या कामात जो उशीर लागतो तो मला मान्य आहे.

तोवर हातात कुदळ आहे. रायमुनिया वरून छाटली की मुळाच्या मानेपासून चौपट धुमारे फुटतात, आणि जाळली तरी पावसात पुन्हा उगवते. दिल्ली विद्यापीठाचे प्रा. सी. आर. बाबू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रूढ केलेली पद्धत मी अनेक गावांत करून पाहिली आहे. झुडपाच्या बुंध्याशी उभे राहून कुदळीने जमिनीखाली तीन ते पाच सेंटिमीटरवर मुख्य मूळ तोडायचे, म्हणजे धुमारे फुटण्याची जागा झुडपासोबत वर येते. मग झुडूप उलटे करून, मुळे आभाळाकडे करून वाळू द्यायचे. संपूर्ण खोदून काढण्यापेक्षा यात माती कमी उकरली जाते, आणि जितकी माती उकरावी तितके तिचे दडलेले बी उगवते. हे काम फळे पिकण्यापूर्वी, पावसाळ्यात माती मऊ असताना करावे. पुढची दोन-तीन वर्षे पावसानंतर मोहाच्या आणि पक्षी बसतात अशा मोठ्या झाडांखाली फेरी मारून तिची लहान रोपे उपटावी लागतात. खरी फजिती इथेच होते, कारण पहिल्या वर्षीचा उत्साह तिसऱ्या वर्षी राहत नाही. मोकळ्या झालेल्या जागेवर इथल्याच गवताचे बी लगेच फेकावे, नाहीतर रायमुनियाच्या जागी रानतुळस आणि तरोटा येऊन बसतात. रानमोडी त्या मानाने सोपी आहे. फुले येण्यापूर्वी, साधारण दिवाळीच्या आधी, ओल असताना मुळासकट उपटली की ती सहसा परत येत नाही. तिचे बी वाऱ्यावर उडते, म्हणून वाऱ्याच्या वरच्या बाजूने काम सुरू करावे. वनहक्क कायद्याने आपल्या ग्रामसभेला या जंगलाचे रक्षण, पुनरुज्जीवन आणि व्यवस्थापन करण्याचा हक्क दिलेला असल्यामुळे ही कामे रोजगार हमीच्या आराखड्यात बसवण्याचा ठराव आपण घेऊ शकता.

ताई, येत्या मृगाच्या आधी समितीच्या बैठकीत ढिवर कुटुंबांना मुद्दाम बोलवावे, त्यांची ऐनाची झाडे आणि चॉकी सोडण्याच्या तारखा नकाशावर नोंदवून घ्याव्यात, आणि सागाच्या लागवडीची कोणती बाजू त्यांच्यापासून पुरेशी दूर आहे ते त्यांच्याच तोंडून ठरवावे. विक्रेत्याचे औषध तोवर घेऊ नये. पाऊस पडून शेंड्यावर घड्या दिसल्या की पाच-सहा अळ्या जिवंत, सागाच्या ताज्या पानासह, झाकणाला टाचणीने भोके पाडलेल्या डब्यात ठेवून तपासणीसाठी पाठवाव्यात; मेलेली अळी सापडली तर ती त्या डब्यात न घालता वेगळ्या कागदी पुडीत बांधावी, आणि दोन्हींवर तारीख, झाडाचे वय आणि जवळच्या ऐनाचे अंतर पेन्सिलीने लिहावे, कारण शाई ओलीने पसरते.